स्मरणपत्र

देवापुढे गाणाऱ्या माणसाला पत्र लिहिण्याचे वावडे असते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात तो चोवीस तासांच्या जागरात आपली पाळी चुकविणार नाही. पालखीपुढे पावसात भिजत गाईल. शिष्याने तान चुकविली तर त्याला दहा वेळा घोटवून घेईल. परंतु आपण स्वतः बांधलेल्या चाली एखाद्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे पाठविल्यानंतर "त्यांचे पुढे काय झाले?" एवढे चार ओळींत विचारावयाचे म्हटले, की त्याचा हात जड होतो. पाठवावयाचे ते एकदा पाठविले. आता त्यांना हवे असेल तर ते कळवितील, नाहीतर देवाची इच्छा, अशी त्याची समजूत असते. या समजुतीत जो विनय आहे त्याविषयी आम्हांस आदर आहे. पण त्याची किंमत गवयालाच मोजावी लागते, हेही आम्ही वकिलीच्या टेबलावर बसून पाहिले आहे.

विनय आणि नाव न सांगणे या दोन गोष्टी एक आहेत, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. अहंकाराचा लवलेश नसलेल्या आमच्या संतांनीही प्रत्येक अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घातलीच आहे. 'तुका म्हणे' हे दोन शब्द गाळून तुकोबांचा अभंग गाण्याची कल्पना तरी कोणी करील काय? ख्यालातल्या 'सदारंग' या मुद्रेचेही तेच. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांनी पहिल्यावहिल्या तबकड्यांपुढे गायन केले, तेव्हा गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारीत. पुष्कळांस तो नखरा वाटतो. वस्तुतः त्याचे कारण अगदी व्यवहाराचे होते. मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथील कारागिरांना गाणे कळत नसे आणि गाणारे कोण हेही ठाऊक नसे. शेवटचे ते वाक्य ऐकून ते तबकडीवर योग्य नाव छापीत. आपले काम दूरच्या अनोळखी माणसांच्या हाती पडल्यावर त्याच्यासोबत आपले नाव पोचविण्याची तजवीज करावी लागते, हे त्या बाईंच्या पिढीला नीट समजले होते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका प्रकरणाची येथे आठवण होते. अंत्रुज महालातले एक वृद्ध भजनीबुवा. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी आठ अभंगांना नव्या चाली लावल्या होत्या आणि शिष्यांच्या आग्रहाने २०१० साली त्यांची एक सीडी मुंबईच्या एका कंपनीकडे पाठविली होती. सोबत पत्र नाही, यादी नाही, पाठविल्याची तारीखही कोठे टिपलेली नाही. चार वर्षे गेली. २०१४ साली एका जत्रेत ध्वनिक्षेपकावरून त्यांतलीच एक चाल, तीच उठावणी आणि तेच वळण घेऊन, दुसऱ्याच गळ्यातून त्यांच्या कानी आली. शिष्यांनी दुसऱ्या दिवशी ती सीडी विकत आणली. मुखपृष्ठावर छापले होते, 'संगीत : पारंपरिक'.

'पारंपरिक' हा मोठा सोयीचा शब्द आहे. खरोखर जुनी आणि सर्वांची असलेली चाल तो सांगतो, तेव्हा तो खराच असतो. परंतु पुष्कळदा 'कर्ता कोण ते आम्हांस ठाऊक नाही, आणि शोधण्याची आम्हांस गरजही वाटली नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. बुवांचे म्हणणे तर असे, की शब्द तुकोबांचे, गाणे पांडुरंगाचे, मग आपले त्यात काय? येथे कायदा बुवांहून अधिक उदार आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचीच मालकी नाही, हे खरे. परंतु त्या शब्दांना कोणी नवी चाल लावली तर ती चाल ही स्वतंत्र संगीतकृती होय, आणि तिचा कर्ता म्हणजे ती चाल बांधणारा. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. नोंदणी केल्यास पुराव्याला बळ येते, इतकेच. देवळात उत्सवाच्या वेळी ती चाल कोणीही गावी, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतील गायनाला कायद्याने मोकळीक ठेवली आहे. पण तीच ध्वनिमुद्रित करून बाजारात आणणे ही गोष्ट निराळी.

एक जुनी अडचण मात्र होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे जे संगीत छापलेले, लिहिलेले वा चिन्हांनी नोंदलेले असेल तेवढ्यालाच संगीतकृती म्हणत. मुखोद्गत चालीला त्या व्याख्येत जागा नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. या संदर्भात पंडित भातखंडे यांचे स्मरण होते. ते कायद्याचे पदवीधर होते, काही काळ त्यांनी वकिलीही केली होती. घराण्याघराण्यांतल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरवून ठेवण्याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यात पुढाकार घेतला. जे लिहून ठेवलेले नाही ते हरवते किंवा परक्याचे होते, ही जाण त्यांच्या ठिकाणी वकिलीने पक्की केली असावी, असे आम्हांस आपले वाटते.

बुवांना आम्ही पहिल्या भेटीतच विचारले, की सीडी पोचली की नाही याची कधी विचारपूस केली होती काय? ते थोडे दुखावले. म्हणाले, "आमी देवामुखार गायतात, वकीलबाब; लोकांमुखार हात पसरप आमकां सोबना."

"बुवा," आम्ही म्हटले, "संस्थानच्या कचेरीत अभिषेकाचे पैसे भरता, तेव्हा पावती घेता ना?"

"घेतां. पूण ती कारकुनाकडल्यान, देवाकडल्यान न्हय!"

"मग कंपनी तरी कोण? कारकूनच ना?"

बुवा हसले. पण पावती काही निघेना. आम्ही कंपनीला नोटीस धाडली. उत्तर आले, की अशी कोणतीही सीडी आमच्याकडे कधी आलीच नाही. प्रकरण येथेच संपावयाचे. पण बुवांची एक भाची त्या वेळी कॉलेजात शिकत होती. सीडी पाठविल्यावर महिनाभराने, मामांना न सांगता, तिने कंपनीला एक ईमेल लिहिली होती. अमुक तारखेला आठ अभंगांची सीडी पाठविली आहे, पहिल्या ओळी अशा अशा, मिळाली काय? आणि तिकडच्या कोणा सहायकाने एका ओळीचे उत्तर दिले होते : 'सीडी मिळाली, ऐकून कळवू.' मामा रागावतील या भीतीने तिने ते उत्तर चार वर्षे कोणाला दाखविले नव्हते, आणि सुदैवाने पुसूनही टाकले नव्हते. त्या एका ओळीची प्रत कंपनीकडे गेल्यावर पत्रांचा सूर पालटला. पाचएक महिन्यांत, कोर्टाची पायरी न चढता, बुवांचे नाव संगीतकार म्हणून लागले आणि काही रक्कमही मिळाली. रक्कम मोठी नव्हती. आपले नाव छापलेली प्रत बुवांनी प्रथम देवापुढे नेऊन ठेवली, आणि मग भाचीच्या हाती दिली.

यावर कोणी म्हणेल, की केसरबाई केरकर कोणत्या कंपनीच्या मागे धावल्या होत्या? आक्षेप वजनदार आहे, विशेषतः गोव्यात. केरी गावच्या या विदुषीने ध्वनिमुद्रणे मोजकीच दिली, तीही स्वतःच्या मर्जीने. आणि तरी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आकाशात गेली. परंतु ती गेली कशी? रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने तिची शिफारस केली, तेव्हा ती तबकडी बाजारातून नाहीशी झालेली होती. अॅन ड्रूयन यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधाशोध करून एका भारतीय दुकानातून ती मिळविली. म्हणजे पाठपुरावा झालाच. केसरबाईंसाठी तो दुसऱ्याने केला. केसरबाईंएवढा अधिकार ज्याचा असेल त्याने खुशाल वाट पाहावी. इतरांना तो स्वतःच करावा लागतो, किंवा तशी भाची असावी लागते.

आता तो कसा करावा, हे सांगितले पाहिजे. कारण न लिहिणाऱ्यांच्या जोडीला आजकाल अति लिहिणाऱ्यांचीही एक जात निर्माण झाली आहे. आज चाल पाठविली, उद्या फोन, परवा वॉट्सअॅपवर पाच ध्वनिसंदेश आणि तेरवा वरिष्ठांकडे तक्रार, हा पाठपुरावा नव्हे, हा उपद्रव होय. ज्या माणसाकडे रोज ढीगभर गाणी येतात त्याला तीन आठवड्यांची सवड तरी द्यावी. आकाशवाणीसारखे सरकारी ठिकाण असेल, तर तेथल्या चाचणीची जी रीत आणि मुदत ठरलेली असेल ती आधी विचारून घ्यावी, आणि ती उलटण्यापूर्वी लिहूच नये. पहिले स्मरणपत्र मूळ पत्राच्याच मालिकेत जावे, म्हणजे शोधणाऱ्याला शोधावे लागत नाही. मजकूर एवढा पुरे :

'सप्रेम नमस्कार. दिनांक अमुक रोजी आपणांकडे आठ अभंगांच्या चाली पाठविल्या आहेत. यादी पुन्हा सोबत जोडली आहे. त्या पोचल्या किंवा कसे, आणि निर्णयास साधारण किती काळ लागेल, हे कळविल्यास आभारी होऊ.'

यात आपल्या गुरुपरंपरेचे वर्णन नको, घरची अडचण नको, 'इतके दिवस उत्तर नाही' हा ठपका तर मुळीच नको. विचारणा एकच असावी आणि तिला एका ओळीत उत्तर देता यावे. दुसरे पत्र आणखी महिन्याने लिहावे. त्या वेळी शक्य असल्यास नवे काही सांगावे. मधल्या काळात एखाद्या उत्सवात त्या चाली गायिल्या गेल्या, एखाद्या चालीचे अधिक चांगले ध्वनिमुद्रण झाले, असे काही. नवे काही नसल्यास तसेच लिहावे, उगाच रचून सांगू नये. त्यानंतरही मौन असेल तर तिसरे आणि शेवटचे पत्र : 'आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे या चाली आम्ही अन्यत्र देण्यास मोकळे आहोत असे समजतो, त्यांचा उपयोग आमच्या लेखी संमतीवाचून होऊ नये.' हे वाक्य गोड शब्दांत लिहिता येते आणि तसेच लिहावे, पण गाळू नये. पुष्कळ सज्जनांस ते उद्धट वाटते. आमच्या मते साऱ्या पत्रव्यवहारात कामाचे वाक्य तेच.

जुन्या मंडळींचा रजिस्टर्ड टपालावर आणि त्याच्या पोचपावतीवर विश्वास होता. २०२५ साली टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. मार्ग कोणताही असो, पोचल्याचा कागद जपावा, आणि ईमेल असेल तर ती पुसू नये.

होकार आल्यावर बहुतेक गवयी स्मरणपत्रांचे प्रकरण संपले असे समजतात. खरे तर तेथून ते अधिक जपावे लागते. हक्क दिल्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. तोंडी 'घ्या हो, देवाचे काम' हे कायद्याने हस्तांतर नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. आणि अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही तर ते हस्तांतर गळून पडते. मात्र करारात उलट काही लिहिलेले नसेल तरच. असे 'उलट काही' छापील करारांत बहुधा बारीक अक्षरांत असते, म्हणून सही करण्यापूर्वी कोणा जाणत्याकडून ते वाचून घ्यावे. तसे काही नसल्यास सहीची तारीख पंचांगात लिहून ठेवावी आणि अकराव्या महिन्यात एक पत्र धाडावे. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातला समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क-संस्थेला देता येतो. १९६९ पासून असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे आणि आपल्या चालींची यादी तिच्याकडे नोंदवावी. ती नोंदली गेली की नाही हेही पुन्हा विचारावे लागते, हे ओघानेच आले. हक्कभंग झालाच, तर भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो. मडगाव किंवा बेळगावच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

नकार आल्यास दोन ओळींत आभार मानावेत. कारण विचारू नये. ते बहुधा गाण्याच्या गुणांत नसतेच. आपली मंडळी गणपतीच्या आरत्या श्रावण सरता सरता पाठवितात, आणि चतुर्थीची तयारी कंपन्यांनी वैशाखातच उरकलेली असते. बुवांच्या भाचीने आता भजनमंडळाच्या वहीत एक पानच आखून ठेवले आहे : पाठविल्याची तारीख, कोणाकडे, कोणत्या चाली, स्मरण केव्हा, उत्तर काय. गेल्या खेपेस आम्ही पाहिले तेव्हा उत्तराच्या रकान्यात तीन ठिकाणी 'नाही' होते, एका ठिकाणी 'पुढल्या वर्षी चैत्रात पाठवा' असे होते, आणि त्यापुढे तिने पेन्सिलीने चैत्राची तिथी लिहून ठेवली होती.