मऊ पाण्याचा हिशोब

हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या आमच्या घरात पाण्याचे दोन प्रकार आहेत. एक दिवसाआड नळाला येतं ते ‘गोडं’ आणि बोअरचं ते ‘जड’. शहराला कृष्णा-गोदावरीबरोबर मंजीरेचंही पाणी मिळतं. ही मंजीरा म्हणजे बीड जिल्ह्यात उगम पावणारी आपली मांजरा. त्यामुळे लातूरची आमची आजी नळाच्या पाण्याला ‘माहेरचं पाणी’ म्हणायची.

बोअरच्या पाण्यात मात्र डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळांच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. दोन वर्षांत गीझरची दुसरी कॉइल बदलावी लागली, तेव्हा सॉफ्टनर बसवायचं ठरलं.

आधी पाण्याची चाचणी केली. कठीणपणा 500 पीपीएम निघाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतं.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे क्षार जात नाहीत, बदलतात. त्यामुळे टीडीएस मीटरवर आकडा जवळपास तोच दिसला, तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

या अदलाबदलीत आमच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. प्लंबरच्या मते सगळ्या घराला एकच लाईन सोपी पडली असती, पण आम्ही मऊ पाणी फक्त न्हाणीघर, गीझर आणि वॉशिंग मशीनला दिलं. पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी. कुंड्यांना बोअरचं थेट, कारण सोडियमने माती बिघडते.

आता हिशोब. आमच्याकडे 25 लिटर रेझिन आहे. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम कठीणपणा धरतं, म्हणजे एकूण 1250 ग्रॅम. 500 पीपीएम म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम. तेव्हा 2500 लिटर पाणी झालं की मणी भरले. रोज 500 लिटर वापरलं तर पाच दिवस.

पाचव्या दिवशी सकाळी तासभर हे काम चालतं. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून मणी धुवायचे, मग सुमारे चार किलो मिठाचं द्रावण सावकाश सोडायचं, शेवटी खारटपणा जाईपर्यंत साधं पाणी. मीठ बिनआयोडीनचं चालतं, पण स्वच्छ हवं. मातकट खड्याने टाकीच्या तळाशी गाळ बसतो. तारखेवर आई कालनिर्णयवर खूण करते. मध्ये पाहुणे आले की पाचाचे चार दिवस होतात. मग आई बाटलीत मऊ पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून हलवते. फेस आला नाही, की मला हाक येते.

खरा प्रश्न निघाला तो टाकाऊ पाण्याचा. बसवायला आलेल्या माणसाने त्याचा पाइप अंगणातल्या पुनर्भरण खड्ड्याकडे वळवला होता. जवळचं तेच होतं. आईने विचारलं, “अहो, महिन्याला वीस-पंचवीस किलो मीठ या खड्ड्यात गेलं, तर ते उतरणार कुठे? आपल्याच बोअरमध्ये ना?” पावसाचं पाणी जमिनीत जिरावं म्हणून बाबांनी तो खड्डा खणून घेतला होता. शिवाय खालचं पाणी एकट्या आमचं नाही, गल्लीत प्रत्येकाकडे बोअर आहे. जादा पाइप टाकून ते पाणी ड्रेनेजच्या चेंबरला सोडलं. खर्च थोडा वाढला.

तुमच्याकडे सॉफ्टनर घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा: पाणी किती जड आहे, कोणत्या नळांना मऊ पाणी हवं आणि मिठाचं पाणी कुठे सोडणार. तिसरी गोष्ट विक्रेता बहुधा विचारत नाही, ती आपणच विचारायची. आणि दर पाचव्या दिवशी तासभर कोण देणार, हेही घरात आधीच ठरलेलं बरं.