डिप्परची रेघ

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या चिखलीत दोन धंदे एकदम जोरात येतात: मंगल कार्यालयांचा आणि गाड्यांच्या लाईटचा. लग्नाहून परतायचं म्हणजे रात्रच होणार. रस्त्यावर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. शेताच्या कडेने कधी रोही आडवा येईल सांगता येत नाही. मग गिऱ्हाईक येतं आणि गाडीतून उतरायच्या आत सांगतं, "भाऊ, झेनॉन टाकून द्या. रात्रीचा दिवस झाला पाहिजे." दिवस करून द्यायला माझी ना नाही. पण समोरून येणाऱ्याची रात्र आणखी काळी करून तो होणार असेल, तर आधी थोडं बोलावं लागतं.

झेनॉनच्या बल्बमध्ये तार नसते. क्वार्ट्झच्या छोट्या फुग्यात दोन टोकं समोरासमोर असतात, मध्ये जेमतेम ४ मिलिमीटरची फट. त्या फटीत वेल्डिंगसारखा आर्क पेटतो. तो पेटवायला बॅलास्ट बॅटरीच्या १२ व्होल्टचे क्षणभर २० हजारांच्या वर व्होल्ट करतो; पेटल्यावर आर्क ८५च्या आसपास व्होल्टवर चालत राहतो. पहिला उजेड झेनॉन वायूचा, म्हणून तो निळसर. आतले धातूंचे क्षार तापले की काही सेकंदांत रंग पांढरा ठरतो. ५५ वॅटचा एच-७ हॅलोजन १,५०० ल्युमेन देतो, तर ३५ वॅटचा डी-२-एस झेनॉन ३,२००. कमी करंट, दुप्पट उजेड. १९९१मध्ये बीएमडब्ल्यूने ७ सीरिजमध्ये हा दिवा आणला, तेव्हा लोक भाळले यात नवल नाही.

पण युरोपच्या नियमांत २,००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या: गाडी मागे दबली तरी झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा, कारण धुळीने माखलेल्या काचेतून प्रकाश हवा तिथे जात नाही, चहूकडे फुटतो. आपल्याकडे मिळणाऱ्या किटच्या डब्यात दोन बल्ब, दोन बॅलास्ट आणि वायर असते. फवारा आणि यंत्रणा डब्यात मावत नाहीत.

अशा वेळी मी गिऱ्हाइकाच्या हातात जुना एच-४ बल्ब देतो. आत दोन तारा दिसतात, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली इवलीशी पत्र्याची वाटी आहे. बारकाईने पाहिलं तर तिची एक कड तिरपी कापलेली दिसते. त्या वाटीमुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतच नाही, म्हणून वर उडत नाही. भिंतीवर एक सरळ रेघ उमटते: खाली उजेड, वर अंधार. तिरप्या कडेमुळे ती रेघ डावीकडे १५ अंशांनी वर चढते, म्हणजे आपल्या बाजूने पायी चाललेला माणूस आणि मैलाचा दगड दिसावा. रिफ्लेक्टरचा प्रत्येक फुगवटा त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे किटचा आर्क दोन मिलिमीटर पुढेमागे बसला, वाटी नसली, की रेघ पुसली जाते. मग गाडीला नुसता अप्पर उरतो, बटण कुठेही असो. कायद्याच्या बाजूनेही हे बसत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असले बदल करू देत नाही.

"मग उजेड वाढवायचाच नाही का?" वाढवायचा. आधी मल्टिमीटर लावू. इंजिन चालू, डिप्पर चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १२.२, असं जुन्या गाड्यांत सर्रास सापडतं. मधले दीड व्होल्ट बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग खातात. व्होल्टेज १० टक्के उतरलं की हॅलोजनचा प्रकाश जवळपास ३० टक्के उतरतो. जाड वायर, दोन रिले, फ्यूज आणि चांगलं अर्थिंग दिलं की तोच बल्ब उजळतो. हे न करता १००/९० वॅटचा बल्ब ठोकला, तर होल्डर काळा पडतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. दुसरं, काच. आमच्या उन्हात पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं. ८००पासून २,०००पर्यंतचा वॉटर पेपर, कंपाउंड आणि वर यूव्ही कोटिंग, एवढ्यावर कित्येकांचं काम भागतं.

कंपनीतूनच झेनॉन आलेली गाडी, समजा पुण्याहून सेकंडहँड आणलेली स्कोडा लॉरा, दारात आली की मला बरं वाटतं. तिथे प्रोजेक्टर असतो, रेघ आतल्या पडद्याने कापलेली असते. बल्ब घेताना बुडावरचं नाव वाचायचं. एस प्रोजेक्टरसाठी, आर रिफ्लेक्टरसाठी. डी-१, डी-२मध्ये पारा. डी-३, डी-४मध्ये तो नाही आणि ते ४२ व्होल्टवर चालतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा लावता येत नाही. बल्ब म्हातारा झाला की गुलाबी झाक मारतो, मग मधेच विझतो. दोष बल्बचा की बॅलास्टचा हे ओळखायला डावा-उजवा बल्ब अदलाबदल करायचा. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब, जागीच राहिला तर बॅलास्ट. बदलायचे ते जोडीने, नाहीतर दोन डोळे दोन रंगांचे. स्विच बंद आणि काचेला बोट न लावता. आणि रंग कंपनीचाच, ४,३०० केल्विनच्या आसपास. ६,०००चा जास्त पांढरा भासतो, पण रस्त्यावर उजेड कमी पाडतो. ८,०००चा तर नुसता निळा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फोकस. टायरमध्ये हवा पूर्ण, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, गाडी सपाटीवर आणि भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने एक रेघ, तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. डिप्परचा काठ दुसरीवर बसेपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग गिऱ्हाइकालाच गाडीसमोर आठ मीटरवर उभं करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोरच्याचा डोळा तिथेच, जमिनीपासून दीड मीटरवर धरलेला आहे. डोळे मिटावेसे वाटले नाहीत तर काम झालं. "काका, आता स्टिअरिंगजवळची ही ०-१-२-३ची चक्री बघा," असं म्हटलं की बहुतेकांना ती आपल्या गाडीत आहे हेच नवीन असतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की नाक वर होतं, तेव्हा चक्री २ किंवा ३वर; रिकाम्या गाडीला ०.

समृद्धी महामार्गावर मेहकर किंवा सिंदखेडराजाहून चढणारे विचारतात, तिथे तरी झेनॉन हवाच ना? ताशी १२०ने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. डिप्परची रेघ ६० मीटरच्या आसपास संपते, म्हणजे हातात दोन सेकंद, आणि त्या वेगात गाडी थांबायला १०० मीटरही पुरत नाहीत. हा हिशेब बल्ब बदलून सुटत नाही. समोर मोकळं असताना अप्पर, पुढे गाडी दिसली की डिप्पर आणि डिप्परवर वेग कमी, एवढंच त्याचं उत्तर.

हल्ली झेनॉनची जागा एलईडी घेतोय. मी चिप तारेच्या नेमक्या जागी बसते का तेवढं बघतो. नसेल बसत तर परत करायला सांगतो. काही जण ऐकतात. काही "बरं भाऊ" म्हणून निघतात आणि दुसरीकडे निळं किट टाकून घेतात. मलकापूर स्टेशनवर पाहुणे आणायला रात्री निघालो की त्यातला एखादा राजूर घाटाच्या वळणावर समोरून येतो. मी डिप्पर मारतो. त्यानेही मारावा, पण त्याच्या गाडीत तो आता राहिलेलाच नसतो.