तिघांत मुख्य कोण?

मी मिरजेची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाण्याची सभा असते, ती ऐकत मोठी झाले. त्यामुळे मैफल म्हणजे काय, याचं चित्र मनात पक्कं होतं. मधोमध गवई, मागे तंबोरे, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी. कोणाकडे बघायचं आणि दाद कोणाला द्यायची, हे कुणाला विचारावं लागत नाही. नोकरीनिमित्त बंगळुरूत आले आणि एका संध्याकाळी डोमलूरच्या बॅंगलोर इंटरनॅशनल सेंटरमध्ये पियानो ट्रिओ ऐकायला गेले. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, तीनच माणसं. पाश्चात्त्य अभिजात संगीत समोर बसून ऐकण्याची माझी ही पहिली वेळ. मैफलीचं ते चित्र पहिल्या काही मिनिटांतच कामाचं राहिलं नाही.

रंगमंचावर झाकण उघडून ठेवलेला मोठा पियानो होता. त्याच्या पुढ्यात डावीकडे व्हायोलिनवादक बसला, उजवीकडे चेलोवादक. चेलो गुडघ्यांमध्ये धरलेला, त्याची लोखंडी दांडी जमिनीला टेकलेली. पियानो वाजवणाऱ्या बाई दोघांच्या मागे होत्या आणि त्यांच्या शेजारी पानं उलटायला एक मुलगी होती. वाद्यांपुढे माईक नव्हते. बाईंनी पियानोवर एक स्वर दिला, त्यावर आधी व्हायोलिनच्या तारा जुळल्या, मग चेलोच्या. आता हा स्वर मागे झंकारत राहील, म्हणून मी कान लावून बसले. पण वाद्यं जुळली आणि तो स्वर थांबला. षड्ज धरून बसलेलं कुणीच नव्हतं. माझा गोंधळ सुरू झाला तो इथून.

पहिली रचना हायडनची होती, १७९५ सालची, जी मेजरमधली. तिचा शेवटचा भाग हंगेरियन जिप्सी धर्तीच्या भरधाव नाचाचा आहे आणि तो कुणालाही पहिल्याच ऐकण्यात आवडेल असा आहे. मलाही आवडला. पण नजर कुठे ठेवावी ते कळेना. पियानो अखंड बोलत होता, व्हायोलिन कधी त्याच्याबरोबर, कधी त्याच्या वर. चेलो मात्र बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवतोय, असं वाटलं. मग तो हवाच कशाला?

शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या. मूळच्या बेळगावच्या, बंगळुरूत मुलांना पियानो शिकवण्यात त्यांची बरीच वर्षं गेलेली. टाळ्या ओसरल्यावर मी त्यांना हेच विचारलं.

“अगं, हायडनच्या काळातला पियानो लाकडी चौकटीचा,” आजी म्हणाल्या. “आवाज बारीक, खर्ज तर लगेच विरून जायचा. त्याला खालून आधार म्हणून चेलो. आता बेथोव्हेन आहे बघ की. ह्यात चेलोवर लक्ष ठेव.”

बेथोव्हेनची ती रचना १८०८ सालची, डी मेजरमधली. ‘घोस्ट’ ट्रिओ या नावाने ती ओळखली जाते, पण हे नाव बेथोव्हेनने दिलेलं नाही. तिचा मधला संथ भाग ऐकून त्याचा शिष्य चेर्नी याला हॅम्लेटच्या बापाचं भूत आठवलं आणि ते नाव चिकटलं. त्या सुमारास बेथोव्हेनच्या डोक्यात ‘मॅकबेथ’वर ऑपेरा लिहायचा विचार घोळत होता.

सुरुवातीला तिन्ही वाद्यं एकच स्वरावली घेऊन वेगवेगळ्या सप्तकांतून एकदम धावत सुटतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आणि ही धाव एका स्वरावर अचानक अडते. डी हा षड्ज धरला, तर तो स्वर कोमल गंधार. शुद्ध गंधाराच्या घरात हा कुठून आला, म्हणून मी दचकले. चेलोने तो स्वर धरून ठेवला, पियानोने त्याखाली कोमल धैवत ठेवला, आणि दुसऱ्याच क्षणी चेलो त्यातून बाहेर पडून एक अतिशय मायाळू चाल गाऊ लागला. मघाशी जो नुसता आधाराला होता, त्याच्याच हातात आता सगळी सूत्रं होती. ती चाल मग व्हायोलिनने उचलली, पियानोने तिचा तुकडा तोडून उलटापालटा केला, आणि चेलो पुन्हा खाली खर्जात गेला.

त्याच भागात आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तंबोरा का नाही, हे उमगलं. आपल्याकडे षड्ज हलत नाही; राग त्याच्याभोवती फुलतो. इथे षड्जच घर बदलतो. डीपासून निघालेली चाल बघता बघता दुसऱ्याच स्वराला आपलं घर मानते, तिथे काही काळ नांदते आणि पुन्हा वळते. या सगळ्या प्रवासात मागे एकच स्वर धरून ठेवला असता, तर प्रत्येक वळणावर तो आडवा आला असता. मी आतापर्यंत जमीन स्थिर धरून चालणाऱ्याला ऐकत होते. इथे खालची जमीनही रचनेचाच भाग होती आणि तिचं सरकणं कानांनी टिपायचं होतं.

एक भाग संपला की टाळी नाही. सगळे भाग संपेपर्यंत सभागृह गप्प. ‘वाहवा’ ओठांवर आली की ती आतच ठेवायची, हे मला अवघड गेलं. बेथोव्हेनच्या व्हिएन्नामध्ये लोक भागांमध्ये खुशाल टाळ्या वाजवत. शांत राहण्याचा रिवाज नंतर रुजला. पण पहिल्या भागानंतरच्या त्या शांततेतून दुसरा भाग उगवला, तेव्हा तिची गरज पटली. व्हायोलिन आणि चेलो अगदी दबक्या आवाजात लांबच लांब स्वर धरतात आणि पियानो एका छोट्या, गिरकी घेणाऱ्या वाक्याने त्यांना उत्तर देतो. इतकंच. टाळ्यांच्या पाठोपाठ ते ऐकूच आलं नसतं.

मी तिसऱ्या रांगेत होते, त्यामुळे हात स्पष्ट दिसत होते. चेलोवादक मुठीकडून टोकापर्यंत अख्खा गज एकाच स्वरावर ओढत होता, इतका सावकाश की गज हलतोय की नाही अशी शंका यावी. त्या स्वरातूनच व्हायोलिनचा स्वर निघाला. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते मला सांगता आलं नाही. मागच्या बाईंची नजर वहीवर नव्हती, चेलोच्या गजावर होती. गज टोकाला पोचला तेव्हाच त्यांची बोटं पडली. नवं वाक्य सुरू होण्याआधी व्हायोलिनवादक नाकाने श्वास घ्यायचा, तो आम्हाला ऐकू यायचा. तोच तिघांचा इशारा. पुढे पियानोच्या खर्जात थरथरणाऱ्या स्वरांचा दाट पडदा पसरला. भुताचं नाव कशावरून पडलं, ते कुणी सांगायची गरज उरली नाही.

तिथेच मी मुख्य कलाकार शोधणं सोडलं. शेताच्या अरुंद बांधावरून तिघं निघाले की कधी एक पुढे होतो, कधी थांबून दुसऱ्याला वाट देतो. पण तोल तिघांनाही सांभाळावा लागतो. त्या वादनातही तसंच होतं. एकाच्या चालीवर कान ठेवण्याऐवजी मी वाट देणाऱ्याला ऐकू लागले, आणि तोपर्यंत गुंता वाटलेलं संगीत उलगडायला लागलं. आजचा पियानो लोखंडी चौकटीचा, भक्कम आवाजाचा. त्याने मनात आणलं, तर चेलो बुडून जाईल. त्या बाई किती ताकद रोखून वाजवत होत्या, हे आता जाणवायला लागलं.

मध्यंतरात कॉफी घेताना आजींनी या मुलखाची एक गोष्ट सांगितली. म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांनी स्वतः कर्नाटक संगीतात कृती रचल्या आणि पियानोचंही रीतसर शिक्षण घेतलं. लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या ध्वनिमुद्रणांचा खर्च त्यांनी उचलला. मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो त्यांनाच अर्पण केला. १९४८ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले. बंगळुरूत १९८७ पासून बॅंगलोर स्कूल ऑफ म्युझिक पाश्चात्त्य संगीत शिकवते आहे. हे ऐकल्यावर आजूबाजूच्या गर्दीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. पाठीवर व्हायोलिनची पेटी घेतलेली शाळकरी मुलं तिथे होती, आणि कर्नाटक संगीताच्या सभांना नेमाने जाणारी वयस्क मंडळीही. दोन्ही संगीतं या मुलखात कधीपासून शेजारी नांदत आली आहेत.

उत्तरार्धात द्वोर्झाकचा ‘डुमकी’ ट्रिओ होता. १८९१ मध्ये तो प्राग शहरात पहिल्यांदा वाजला, तेव्हा पियानोवर स्वतः द्वोर्झाक होता. पुढे अमेरिकेला जाण्यापूर्वीच्या निरोपाच्या दौऱ्यात त्याने तो गावोगावी वाजवला. यात सहा भाग आहेत आणि पहिले तीन न थांबता एकमेकांत मिसळतात. प्रत्येक भागात विलाप आहे आणि त्याला चिकटूनच नाच. रचना ज्या सुरात सुरू होते, त्यात संपतही नाही. भागागणिक षड्ज बदलतो. मध्यंतरापूर्वी याने मी पार गांगरून गेले असते. आता चेलोने पहिला आक्रोश केला आणि मी त्याच्याबरोबर निघाले. पंडित गजाननबुवा जोशी यांच्या व्हायोलिनने माझ्या कानाला मींडेची सवय लावली आहे. इथे मींड जवळजवळ नाही; प्रत्येक स्वर आपल्या जागी उभा राहून कंप पावतो. तरीही हे वाद्य रडतं, हे त्या संध्याकाळी ऐकलं.

तेव्हापासून आपल्या मैफलीतली साथही मी निराळी ऐकते. गवयाने घेतलेली जागा पेटीवाला किती अर्धवट ठेवतो, ठेका कुठे मुद्दाम साधा राहतो, याकडे कान जातो. साथ हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण ती देणाऱ्याची कला ऐकायला मी एका परक्या संगीतातून शिकले.

ज्यांना हे संगीत अवघड वाटतं, त्यांच्यासाठी एकच सुचवणं आहे. ‘घोस्ट’ ट्रिओचा पहिला भाग मिळवा आणि तीनदा ऐका. एकदा फक्त चेलोच्या मागे जा, एकदा व्हायोलिनच्या, एकदा पियानोच्या. दहा मिनिटांच्या आसपासचा भाग आहे. मग एखाद्या छोट्या सभागृहात प्रत्यक्ष ऐका आणि पुढच्या रांगांत बसा. हे संगीत लिहिलं गेलं तेव्हा ते घरांच्या दिवाणखान्यांत वाजत असे. वाजवणाऱ्यांचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून ऐकलं, तर ते परकं राहत नाही.