रक्ताचे माप

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला मापाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. जळगावात आमची धान्याची आडत तीन पिढ्यांची. पोते काट्यावर चढल्याशिवाय त्याचा भाव बोलायचा नाही, हा आमच्या पेढीचा पहिला धडा. कापसाची गाठ असो, केळीची गाडी असो, नाहीतर सराफ बाजारातील गुंजभर सोने. आपल्या समाजाने कधी कोणताही व्यवहार नजरेच्या भरवशावर केलेला नाही. ‘अंदाजे’ हा शब्द रोजमेळात लिहिण्यास आमच्या बाबूजींची सक्त मनाई होती.

अशा या मापाच्या जगात एक वस्तू मात्र परवापरवापर्यंत केवळ डोळ्यांनी मोजली जात होती. ती म्हणजे बाळंतिणीचे वाहून जाणारे रक्त. ‘थोडे जास्त गेले’, ‘नेहमीसारखेच गेले’, ‘कपडे पुष्कळ भिजले’ ही त्याची परिमाणे.

माझी धाकटी बहीण साक्री तालुक्यातील एका गावी दिलेली होती. १९८३च्या उन्हाळ्यात तिची दुसरी प्रसूती घरीच झाली. मुलगा सुखरूप झाला, पेढे वाटण्याची तयारी सुरू झाली, आणि तासाभराने ती पांढरी पडू लागली. जीप मिळवून धुळ्याला नेईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “रक्त किती गेले आणि केव्हापासून?” सासूबाई, सुईण, माझे मेहुणे, सारे एकमेकांकडे पाहत राहिले. कोणीही हयगय केली नव्हती. पण त्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते. पहाटे ती गेली. बाळ वाचले, आज तो दोन मुलांचा बाप आहे. त्या रात्रीचा तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, आणि पुढे या विषयावरील जे जे हाती पडले ते मी वाचत गेलो.

वाचल्यावर प्रथम निसर्गाची रचना ध्यानात आली. दिवस भरताना गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळून मुठीसारखे घट्ट होते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच दाबल्या जातात. ते सैल राहिले, तर शरीरातील जेमतेम पाच लिटरचा साठा पाहता पाहता रिता होतो. प्रसूतीनंतर ५०० मिलीलिटर किंवा अधिक रक्त गेले, तर त्यास वैद्यक अतिरक्तस्राव म्हणते. गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. परंतु ते थंड ठेवावे लागते आणि टोचणारा जाणता हात लागतो. वैशाखात जेथे पारा ४४ अंशांवर जातो, त्या आपल्या खानदेशातील खेड्यात त्या काळी हे दोन्ही कोठून मिळावे?

या प्रश्नावरचे एक मोलाचे संशोधन आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यात झाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन यांच्याबरोबर हे काम केले. २००२ ते २००५ या काळात ग्रामीण भागातील १६२० माता त्यात सहभागी झाल्या. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत आणि ती करणाऱ्या होत्या गावोगावच्या परिचारिका. निम्म्या मातांना मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. कोणाला काय दिले, हे देणारीलाही ठाऊक नव्हते. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. म्हणजे दर १८ मातांमागे एका मातेचा रक्तस्राव टळला. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ही गोळी प्रशिक्षित परिचारिकेने किंवा डॉक्टरांनीच द्यावयाची असते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

परंतु व्यापारी म्हणून मला अधिक भावली ती या संशोधनातील एक साधी वस्तू. रक्त नेमके मोजता यावे म्हणून मातेच्या खाली प्लॅस्टिकची एक चादर पसरली जाई. तिच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलीलिटरच्या खुणा. दुधाच्या मापावर असतात तशाच! ही पिशवी हाती आल्यावर संशोधकांनी नजरेचा अंदाज आणि प्रत्यक्ष माप ताडून पाहिले. नजर सुमारे एक तृतीयांश रक्त कमीच सांगत होती. आपल्या काट्यात किलोमागे इतकी तूट आली, तर पेढी किती दिवस टिकेल?

मापाचा उपयोग किती, हे २०२३ साली जगापुढे आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर एक अभ्यास झाला. अशाच खुणांच्या पिशवीने रक्त मोजायचे आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशय चोळणे, ते आवळणारे औषध, रक्त गोठलेले टिकवणारे औषध, शिरेतून द्रव आणि तपासणी हे उपचार एकामागून एक वाट न पाहता एकत्रच सुरू करायचे, एवढीच ती पद्धत. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्याने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

वर उल्लेखिलेल्या रक्त टिकवणाऱ्या औषधाचे नाव ट्रॅनेक्झामिक ॲसिड. जपानच्या डॉ. उताको ओकामोटो यांनी पतीसह १९६२ साली ते जगापुढे आणले. बाळंतिणींचे प्राण त्याने वाचावेत ही त्यांची इच्छा; परंतु त्यांच्या शहरातील प्रसूतितज्ज्ञ तेव्हा अजमावून पाहण्यास राजी झाले नाहीत. २०१० साली अपघातग्रस्तांवरील वीस हजार रुग्णांच्या अभ्यासाने, ज्यात भारतातील रुग्णालयेही होती, त्याचा गुण सिद्ध झाला. मातांवरील तितक्याच मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१७ साली आला. उताकोबाई आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या. या अभ्यासांनी एक हिशेबही मांडून दिला: दर १५ मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर काहीच उरत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यास एकमेकांना छेदतात. तेथील अपघातग्रस्तालाही हाच हिशेब लागू आहे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे, ते वारंवार उचलून न पाहणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हे काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो. मदत करणाऱ्याला कायद्याचा त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात झालेली आहे.

आता प्रश्न उरतो तो मुद्दलाचा. भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ज्या पेढीचे मुद्दलच तोकडे, तिला लहानसे नुकसानही बुडवते. सून-लेकीचे हिमोग्लोबिन गरोदरपणाच्या आरंभीच तपासणे आणि लोहाच्या गोळ्या चुकू न देणे हा डोहाळजेवणाहून आधीचा सोहळा समजावा. तसेच प्रसूतीसाठी रुग्णालय ठरवताना खोली वातानुकूलित आहे काय हे विचारण्यापूर्वी रक्त मोजण्याची सोय काय आणि गरज पडल्यास रक्त किती वेळात मिळेल, हे विचारावे.

रक्त मिळेल ते कोठून? पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८पासून ती पद्धत बंद झाली, हे योग्यच झाले. आता सारा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आहे. आपला समाज यात मागे नाही. महावीर जन्मकल्याणकाला गावोगावी रक्तदान शिबिरे होतात आणि तरुणांच्या रांगा लागतात. अभयदानाला श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेला हे शोभणारेच आहे.

तरीही दुकानदाराच्या नजरेने एक गोष्ट नम्रपणे मांडाविशी वाटते. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य ३५ ते ४२ दिवसांचे, प्लेटलेट्सचे अवघे पाच दिवसांचे. एकाच दिवशी शेकडो पिशव्या भरल्या, तर चैत्रात गोदाम तुडुंब आणि वैशाख-ज्येष्ठात, लग्नसराईत आणि सुट्ट्यांत, रिकामे. पुढे चातुर्मासात उपवास-एकाशने सुरू होतात. उपाशीपोटी रक्तदान करू नये हा नियम असल्याने तेव्हाही हात आखडतात. नाशवंत माल वर्षातून एकदाच भरणारा व्यापारी आपण शहाणा म्हणू काय?

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. प्रत्येक गावच्या संघाने इच्छुक दात्यांची रक्तगटासह यादी करावी आणि तिचे बारा भाग पाडावेत. निरोगी पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. त्यामुळे एकाच माणसाला वर्षातून दोनदा वार नेमून देणे अवघड नाही. महावीर जन्मकल्याणकाचे शिबिर तसेच राहावे, मात्र त्या दिवशी निम्म्या दात्यांनी रक्त द्यावे आणि निम्म्यांनी पुढील महिन्यांच्या तारखा लिहून द्याव्यात. उपवास करणाऱ्यांना पारण्यानंतरच्या, अंगात पुन्हा शक्ती आल्यावरच्या तारखा द्याव्यात. यादी जवळच्या रक्तपेढीला कळवावी, म्हणजे तुटवडा कधी पडतो हे तीच सांगेल. आमच्या पेढीवर आम्ही नोकर-मालक मिळून अकरा जण असे वर्षभर विभागून रक्त देतो; त्याची नोंद खातेवहीशेजारीच एका वहीत ठेवली आहे. येत्या वैशाखात त्या वहीत माझ्या भाच्याचा वार आहे. तो धुळ्यास रक्त देईल.