आजीचा घोडा

न्यूयॉर्कला गेलात, की टाइम्स स्क्वेअरचे फोटो उरकून थेट ब्रुकलिन गाठा. नदीकाठच्या पारदर्शक घरात 'जेन्स कॅरोसेल' फिरतं. १९२२ चं, लाकडात कोरलेल्या ४८ घोड्यांचं! १९८४ मध्ये ओहायोतलं आयडोरा पार्क आगीनंतर बंद पडलं, लिलाव झाला. घोडे सुटे विकले जाते तर खेळ खल्लास. पण वॉलेंटस दांपत्यानं अख्खं कॅरोसेलच घेतलं. जेनबाईंनी वर्षानुवर्षं थरावर थर खरवडून मूळ रंग शोधले. २०११ पासून ते इथं फिरतंय.

घाटंजीहून आलेली माझी आई म्हणाली, "मले बी बसाचं हाय!" साडी सावरत बसली, शेजारच्या घोड्यावर नात. दोघी वर्षाकाठी एकदा भेटतात.

तर मंडळी, आई-बाबांचंही तिकीट काढा. त्यांना पर्स सांभाळायला खाली उभं करू नका!