टाकून द्यायचं पाणी

दिवाळीच्या आगेमागे चिखल्याच्या बांध्यांत धान पिकायला येतं आणि त्याच्या बुडाशी माती अजून ओली असते. त्या ओलीत, उभ्या धानातच, लाखोरी या कडधान्याचं बी फेकतात. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून खळ्यावर जातं तोवर धसकटांतून लाखोरी वर आलेली असते, आणि थंडी भरात येते तेव्हा सगळी बांधी निळ्या फुलांनी भरून जाते. इतकं कमी मागणारं पीक मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुमसर तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मॅंगनीजमुळे. 'मॉइल' कंपनीची इथली खाण भूमिगत आहे. माणसं पाळीला जमिनीखाली उतरतात. चिखल्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुधा खाणीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला मात्र तिथल्या चुलीबद्दल लिहायचं आहे, कारण या मुलखातल्या बायकांनी एक अवघड काम पिढ्यानपिढ्या केलं आहे. ज्या दाण्यात विष आहे, तो रोजच्या जेवणात बसवण्याचं.

लाखोरीतलं विष मज्जातंतूंवर जातं. दुखत नाही, ताप येत नाही. पाय कडक होत जातात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, चालताना गुडघे एकमेकांत अडकतात, हातात काठी येते. गेलेली चाल परत मिळवून देणारं औषध नाही. आणि हा आजार धरतो तो बहुधा तरण्या पुरुषांना, ज्यांच्या पायांवर घर उभं असतं त्यांनाच. सागरकडच्या एका गावाची हकिगत इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमननं 1844 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. 1829 साली गारपिटीनं गहू गेला, पुढच्या साली पावसानं दगा दिला, त्याच्या पुढच्या साली रोग पडला. तिन्ही साली तगली ती फक्त लाख, म्हणजे लाखोरीच. लोकांनी तीच खाल्ली, आणि तरुण पोरं कमरेखाली लुळी पडू लागली. स्पेनमध्ये चित्रकार गोयानं त्याच्या थोडं आधी, माद्रिदच्या दुष्काळात, हाच दाणा खाऊन जगणाऱ्यांचं चित्र कोरलं होतं. रीवा-सतना भागात तर वेठीच्या मजुरांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळायची. म्हणजे पांगळेपण आलं ते दाण्याइतकंच, दुसरं काही ताटात नसल्यामुळे. मूठभर लाखोरी भाताबरोबर, भाजीबरोबर खाणारा माणूस आणि महिनोन्‌महिने तिच्यावरच जगणारा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या अभ्यासातही, लाखेत दुसरं धान्य मिसळून खाणाऱ्यांना धोका कमी असल्याचं दिसलं होतं.

1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातलं विषद्रव्य वेगळं काढून दाखवलं. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घ काळ लढा दिला. 'रतन', 'प्रतीक' अशी कमी विषांशाची वाणंही निघाली. हा वाद मोठा आहे, आणि माझा कल लाखोरीच्या बाजूनं आहे हे लपवत नाही. गरिबाच्या शेतात फुकट येणारं कडधान्य काढून घेतलं तर त्या जागी त्याच्या ताटात काय घालणार, याचं उत्तर बंदीनं कधी दिलं नाही.

पण स्वयंपाकघरातली गोष्ट मला अधिक जवळची वाटते. त्या विषद्रव्याचा एक गुण असा, की ते पाण्यात उतरतं. डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवली आणि ते पाणी फेकलं, मग नव्या, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून दिलं, तर त्यातला मोठा भाग निघून जातो. सगळा नाही, पण मोठा. शास्त्राचं हे सांगणं अलीकडचं. चिखल्याची माझी मोठी आई लाखोरीचे वडे करायला बसली की पातेलं कलतं करून म्हणायची, "पयला पानी फेकून देवाचा, बाई." का, ते ती सांगत नसे. गाईच्या गोठ्याकडेही ते पाणी जाऊ देत नसे, लांब उकिरड्यावर ओतायची.

तिच्या पाककृतीत मसाला बदलला तर चव बदलते, एवढंच. लसूण कमी घाला, मिरचीऐवजी मिरं घाला, तळायच्या ऐवजी आप्पेपात्रात लावा. काही बिघडत नाही. पाणी टाकण्याची पायरी बदलली तर मात्र पदार्थ दुसराच होतो. आणि आपण नेमकी तीच बदलतो आहोत. वेळ नाही म्हणून डाळ धुऊन थेट कुकरमध्ये लावतो. शिट्ट्या होतात, डाळ मऊ शिजते, पण पाणी आतच आटतं आणि त्यात उतरलेलं सगळं डाळीतच राहतं. घाई असली की आयतं पीठ आणतो आणि पाच मिनिटांत झुणका टाकतो. तिथे भिजवणं नाही, उपसणं नाही, कढईतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पोटात जातं. जुन्या कृतीतला सगळ्यांत कंटाळवाणा, चवीला काहीच न देणारा भाग आपण आधी गाळतो.

हे लाखोरीपुरतं नाही. पावसाळ्यात बाजारात वास्ते येतात, बांबूचे कोवळे कोंब. त्यांच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. बारीक चिरून, पाणी बदलत भिजवून, झाकण न ठेवता उकळून, ते पाणी ओतून मगच फोडणी. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वडीत चिंच का, तर घशाला खाज येऊ नये म्हणून. चिंच नको असेल तर आंबट दुसरं काहीतरी हवंच. परदेशात राहणारी आपली मुलं मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा घालून कामाला जातात. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद उष्णतेनं मरत नाही, उलट कच्च्या दाण्यापेक्षाही जाच वाढू शकतो. आधी रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग हवं त्या भांड्यात ठेवा.

मला वाटतं, आईकडून किंवा सासूकडून कृती लिहून घेताना साहित्य आणि प्रमाण यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: यातलं काय केलं नाही तर चालणार नाही? उत्तर बहुधा मसाल्यात सापडणार नाही. ते भिजवण्यात, उपसण्यात, उकळीच्या वेळेत असेल.

माझी पुण्यातली भाची हल्ली लाखोरीच्या झुणक्यासाठी हट्ट धरून बसली आहे. तिला ती चव हवी आहे आणि दर वेळी डाळ भिजवत बसायला सवड नाही. तिच्यासाठी मी ही वाट काढली. सुट्टीच्या दिवशी डाळ गरम पाण्यात भिजवायची, पाणी फेकायचं, नव्या पाण्यात अर्धीकच्ची उकळून तेही फेकायचं, गच्चीवर कडक उन्हात कडकडीत वाळवायची, आणि मग गिरणीत दळून आणायची. उन्हानं डाळ पुरती वाळली नाही तर पिठाला बुरशी धरते, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्येच. ते पीठ डब्यात भरून, तारीख घालून ठेवायचं. झुणका तेव्हा खरंच पाच मिनिटांत होतो. तरी आठवड्यातून एखाद्या वेळेलाच, आणि बरोबर भात, भाजी, लिंबाची फोड. डब्यावर तारखेखाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: दोन पाणी काढलेलं.