अण्णांची कॅसेट

करमचंद आठवतो का कुणाला? डोळ्यावर काळा गॉगल, हातात गाजर, समोर बुद्धिबळाचा पट आणि शेजारी नको तेव्हा नको तो प्रश्न विचारणारी किट्टी. १९८५ साली दूरदर्शनवर लागायचा. दिग्दर्शक पंकज पराशर, करमचंद झाले होते पंकज कपूर आणि किट्टी सुष्मिता मुखर्जी. शेरलॉक होम्सच्या तोंडात पाईप, तर आपल्या या गुप्तहेराच्या तोंडात गाजर. खून व्हायचा, पण घरातलं पोरगंसुद्धा घाबरायचं नाही, कारण खुनी कोण यापेक्षा किट्टीला 'शट अप' कधी ऐकावं लागतंय याकडेच सगळ्यांचं लक्ष. पुढे पंकज कपूरांना 'ऑफिस ऑफिस'मधला मुसद्दीलाल म्हणून नव्या पिढीनं ओळखलं. आमच्या पिढीला मात्र ते करमचंदच.

सीडीचा जमाना आला तेव्हा मी ही मालिका बरीच शोधली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या आणि बेळगावच्या खडे बाजारात सिनेमांचे ढीग लागले. 'मालगुडी डेज', 'ब्योमकेश बक्षी' अशा जुन्या मालिकाही डीव्हीडीवर आल्या. करमचंद काही माझ्या हाती लागला नाही. त्याच साली सोनीवर नवा करमचंद सुरू झाला, पंकज कपूर तेच, किट्टी मात्र सुचेता खन्ना. दोन-तीन भाग बघितले. रंग चकचकीत होते, पण मला काही ते जमलं नाही. सौ. म्हणाली, "तुम्हाला करमचंद नको हाय, तुम्हाला अण्णांचा टीव्ही पायजे."

तर, आमच्याकडे करमचंद १९८५ सालीच कॅसेटवर निघाला होता. काढणारे निपाणीतले आमचे शेजारी अण्णा.

मी तेव्हा निपाणीच्या शाखेत होतो. अण्णांचा तंबाखूचा व्यापार. घरातली भाषा कन्नड, गल्लीतली आणि धंद्यातली मराठी. त्यांच्या एका नातेवाइकानं दुबईहून व्हीसीआर आणून दिला होता आणि तो अख्ख्या गल्लीत एकच. आमच्याकडे तर टीव्हीसुद्धा नव्हता. मालिकेची वेळ झाली की अण्णा कट्ट्यावर येऊन हाक मारायचे, "बर्री, कूडरी!" मग आम्ही, वरच्या मजल्यावरचे मास्तर, समोरची मुलं, सगळे त्यांच्या सोप्यात. अक्का चुरमुऱ्याचा चिवडा ठेवायच्या.

कार्यक्रम दिल्लीचा, हिंदी. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्यांच्याकडच्या मराठी मालिकांचं कौतुक सांगायचे. मुंबई केंद्राची 'एक शून्य शून्य' ही पोलिसी मालिका आम्हाला अशी ऐकूनच माहीत. बी. पी. सिंग यांनीच पुढे 'सीआयडी' काढली आणि 'एक शून्य शून्य'तले शिवाजी साटम तिथं एसीपी प्रद्युम्न झाले, तेव्हा आम्हाला त्यांचं दर्शन घडलं. कोल्हापूर आमच्यापासून ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, मध्ये तवंदीचा घाट. अँटेना साहजिकच कोल्हापूरच्या दिशेला. वारा सुटला की चित्रावर मुंग्या यायच्या. मग अण्णा म्हणायचे, "साहेब, जरा वर जावा की." बँकेतला साहेब लुंगी सावरत कौलांवर. खालून मुलं ओरडायची, "आलं, आलं! गेलं! आलं!"

अण्णांना करमचंदनं पार वेड लावलं होतं. बाजारातनं गाजर आणायचे आणि मालिका चालू असताना कचाकचा खायचे. त्यांची थोरली मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, फार बडबडी. कार्यक्रम सुरू असताना ती बोलली की अण्णा गॉगल लावल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "सुम्न कूड, किट्टी!" म्हणजे गप बस. मराठी मंडळी जास्त असतील तर तेच मराठीत. तिचं नाव गल्लीत तेव्हापासून किट्टीच पडलं. आज ती आजी झाली आहे, तरी आमच्याकडे किट्टी.

व्हीसीआर आल्यावर अण्णांनी तीन तासांची एक कोरी कॅसेट घेतली आणि करमचंदचे भाग टेप करायला लागले. जाहिरात आली की पॉजचं बटण दाबायचं आणि संपली की सोडायचं, हे काम किट्टीकडे. ती गप्पांच्या नादात विसरायची, त्यामुळे मध्येच अर्धा साबण आणि पाव टूथपेस्टही टेप झाली. एकूण चार भाग उतरले. मग अण्णांनी कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा स्क्रू-ड्रायव्हरनं मोडून टाकला. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. वर लेबल लावलं, एका ओळीत कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, 'करमचंद'.

१९८६ चा जून उजाडला आणि कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. बेळगाव भागात गोळीबार झाला, माणसं गेली. छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले आणि त्यांना अटक झाली, ती याच वेळी. आमच्या गल्लीतली पोरं तेवढ्यातही म्हणाली, "करमचंद आला व्हता म्हणं!" हसू आलं, पण मोठ्यांनी हसायचे ते दिवस नव्हते. माझे वडील आमच्याकडेच असत. जुने समितीवाले, १ नोव्हेंबरचा काळा दिवस न चुकता पाळणारे. ते म्हणाले, "आता त्यांच्या सोप्यात जाऊन बसायचं काही कारण नाही." तिकडे अण्णांच्या भाऊबंदांतही कुणी तसंच बोललं असणार, कारण पंधरा-वीस दिवस कट्ट्यावरनं हाक आली नाही. अक्का आणि सौ. नळावर भेटायच्या, पाण्यापुरतं बोलायच्या. मालिका केव्हाच संपली होती, त्यामुळे जायला निमित्तही नव्हतं.

मग एका संध्याकाळी अण्णा स्वतः आमच्या दारात. बगलेत ती कॅसेट. वडील झोपाळ्यावर होते. अण्णा त्यांनाच म्हणाले, "तात्या, पोरं करमचंद लावा म्हणत्यात. लाईट हाय तोवर या." आंदोलनाविषयी एक शब्द नाही. वडिलांनी पेपर घडी केला, चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले, "गाजरं आहेत का?"

जून महिन्यात गाजर कुठलं! अक्कांनी मुळा चिरून ठेवला होता.

वडिलांनी मतं बदलली नाहीत आणि अण्णांनीही नाही. पुढच्या १ नोव्हेंबरला आमच्या दारावर काळं निशाण होतं आणि अण्णांच्या दुकानावर लाल-पिवळा झेंडा. पण त्या पावसाळ्यात ते चार भाग आम्ही किती वेळा बघितले याला हिशेब नाही. खुनी सगळ्यांना पाठ. तरीही मास्तर दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

पुढे माझी बदली झाली. १९९० साली किट्टीच्या लग्नाला आम्ही निपाणीला गेलो. हळदीच्या दिवशी व्हिडिओवाल्याच्या कॅसेटी कमी पडल्या. अण्णांनी आतनं करमचंदची कॅसेट आणली, मोडलेल्या तुकड्याच्या जागी स्वतःच्या हातानं सेलोटेप चिकटवला आणि म्हणाले, "शेवटी जागा हाय, तिथं घे. माझ्या करमचंदला धक्का लावू नको." लग्नाच्या बाकीच्या कॅसेटी किट्टीच्या सासरी गेल्या आणि जुनं घर पाडताना कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. अण्णा १९९४ साली गेले. फोटो पुष्कळ आहेत, पण हलते-चालते अण्णा जगात असतील तर त्या एका कॅसेटवर, करमचंदच्या पाठीमागे. हे किट्टीच्या लक्षात यायला तीस वर्षं गेली. व्हीसीआर भंगारात जाऊनही दहा-पंधरा वर्षं झाली होती.

मागच्या वर्षी तिचा फोन आला, "मामा, कॅसेट सापडली. अक्काच्या ट्रंकेत. पण पांढरं पांढरं धरलंय." मी कोल्हापुरात चौकशी केली. एक जुने लग्नाचे व्हिडिओवाले अजून व्हीसीआर बाळगून आहेत. टेपवरची पांढरी बुरशी बघून त्यांनी मान हलवली. बुरशी लागलेली टेप तशीच घातली तर मशीनचं हेड खराब होतं आणि टेपही अडकून तुटू शकते. त्यांनी कॅसेट उघडली, टेप हातानं फिरवत पुसून काढली, रीळ दुसऱ्या डब्यात घातलं. आठ दिवस लागले. मी आयुष्यभर तारण आणि जोखीम यांचे कागद बघितले, पण एवढा वेळ कुठल्याच वसुलीची वाट बघितली नसेल.

पेनड्राइव्ह घेऊन आम्ही दोघं किट्टीकडे गेलो. अक्का आता नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं, त्यांना पुढे बसवलं. पहिला भाग बराच चांगला उतरलाय. दुसऱ्यात चित्र लोळतं. तिसऱ्या भागात ऐन मोक्याला मुंग्या येतात, मिनिटभर राहतात आणि एकदम चित्र स्वच्छ होतं. ते बघून मी नातवंडांना सांगितलं, "हा मी. मी त्या वेळी कौलावर आहे." त्यांना काही कळलं नाही. आमचं हसणं मात्र टेपवर कुठंच नाही, ते उतरायची सोयच नव्हती.

चौथा भाग संपला, थोडं काळं पडलं आणि हळद आली. दोन मिनिटांचं असेल. बायका, मांडव, पिवळे हात. मग कॅमेरा वळतो आणि अण्णा! डोळ्यावर काळा गॉगल, हातात गाजर. गाजराचा तुकडा मोडून किट्टीकडे बोट करतात आणि काहीतरी बोलतात. सगळे मागे हसताना दिसतात. आवाज नाही. व्हिडिओवाल्यांनी आधीच सांगितलं होतं, आवाजाची पट्टी टेपच्या कडेला असते आणि शेवटच्या भागाची कडच गेलीय.

तेवढा तुकडा सहा-सात वेळा लावला. अक्का काही बोलल्या नाहीत, पडद्याकडे बघत हाताची बोटं मोडत बसल्या. किट्टी म्हणाली, "'सुम्न कूड, किट्टी' म्हणायलेत बघा, ओठ बघा." सौ. म्हणाली, "छे गं, 'गप बस' म्हणतायत. 'ग'ला तोंड असं होतंय." परत लावलं. किट्टीच्या नातवानं मोबाईलवर घेऊन हळू करून दाखवलं. जावई कन्नडच्या बाजूनं, माझी सून मराठीच्या. चहा आला तरी मिटेना. शेवटी अक्कांना विचारलं, कानाशी मोठ्यानं.

"गाजर खाताना बोलायलेत," अक्का म्हणाल्या. "ते काय कळणार?"